कौसल्याबाई आणि भिंतीवरची यादी

कौसल्याबाई मनवर यांना मी ओळखत होतो असे म्हणायला मला धीर होत नाही. नऊ हंगाम आम्ही एकाच कापूस खरेदी केंद्रावर काम केले. मधे एक भिंत, आणि त्या भिंतीला हातभर रुंद खिडकी. पण त्यांचे माहेर मुकुटबनकडचे, हे मला मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा कळले. बाई केंद्रावर कामाला लागण्याआधीच त्यांचे यजमान वारले होते, हेही तेव्हाच कळले. नऊ वर्षांत मी कधी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

त्यांची मुलगी पायल म्हणाली, "काकाजी, आई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी एक छोटं पुस्तक वाटणार आहोत. तुम्ही चार ओळी लिहून द्या." मी म्हणालो, मला लिहिता येत नाही. मी आयुष्यभर चिठ्ठीवर नाव, गाव आणि वजन लिहिले, दुसरे काही नाही. तर तिने नमुना म्हणून बाकीच्यांनी लिहिलेले पाठवले. त्यात सगळ्यांनी लिहिले आहे की कौसल्याताई हसतमुख आणि मनमिळाऊ होत्या.

त्या हसतमुख नव्हत्या. त्यांना हसायला आम्ही कारणच दिले नाही. हे वाचून मला राग आला आणि म्हणून मी लिहायला बसलो. चार ओळींपेक्षा जास्त होईल. पायलला छापायचे नसेल तर तिने छापू नये.

आमचे केंद्र दारव्ह्याच्या बाहेर जिनिंगच्या आवारात होते. ज्या संस्थेचे होते तिचे नाव लिहीत नाही, ती संस्था आता नाही. मी तिथे काट्यावर वजन करायचो आणि सकाळी फाटकाजवळ बसून नोंदणीच्या चिठ्ठ्या फाडायचो. शेतकरी सातबारा दाखवायचा, मी तारीख आणि त्या दिवसाचा नंबर घालून चिठ्ठी द्यायचो. नंबर रोज एकपासून सुरू व्हायचा. चिठ्ठीची स्थळप्रत पुस्तकात राहायची. ते पुस्तक खिडकीतून कौसल्याबाईंकडे जायचे आणि त्या एकेक नाव कॉम्प्युटरवर चढवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाच्या भिंतीवर छापील यादी लागायची. आज कोणाचा कापूस घेणार, उद्या कोणाचा, सगळे त्यात. आपला नंबर जवळ आला की माणूस गाडी जुंपायचा. आधी नाही.

बाहेरच्या माणसाला यात काही मोठे वाटणार नाही. पण ज्याने यादीच्या आधीचे दिवस पाहिले आहेत त्याला विचारा. कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगपासून पार नाक्यापर्यंत उभ्या. पाच पाच दिवस. बैल तिथेच, माणसे गाडीखाली तिथेच. आणि मधूनच व्यापाऱ्याचा ट्रक कोणाच्या तरी सातबाऱ्यावर सरळ आत. मागचा विचारायला गेला की मॅनेजर लाल डायरी उघडून दाखवायचा, हे पाहा, त्याचा नंबर तुमच्या आधीचा आहे. डायरी त्याची, पेन त्याचे.

ती यादी कौसल्याबाईंनी आणली. कोणी सांगितले नव्हते. त्या रोजंदारीवर ऑपरेटर म्हणून लागल्या आणि त्यांनी स्वतःच कॉम्प्युटरमध्ये नोंदणीचा डेटाबेस तयार केला. मला त्यातले कळत नाही. त्यांनी सांगितले तेवढे सांगतो. तारीख हाताने टाकायला ठेवली की लोक काहीही टाकतात, म्हणून त्यांनी पडद्यावर महिन्याचे चौकोनी कॅलेंडर बसवले होते. तारखेवर बोट ठेवावे तसे दाबायचे, तारीख आपोआप जाई. आठ वर्षे त्यात एक चूक निघाली नाही. चौदा साली पुन्हा बाजारभाव हमीभावाच्या खाली पडले आणि सारा तालुका केंद्राकडे वळला, त्या वर्षी तर ती यादी म्हणजे लोकांचा जीव होता.

नेमका त्याच दिवाळीत नवा कॉम्प्युटर आला. वरून पत्र होते, जुनी मशीन वापरायची नाहीत. जुने मशीन गोदामात बारदान्यामागे, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे, नेऊन ठेवले. नव्यात डेटाबेसचे पूर्ण सॉफ्टवेअर घ्यायला मंजुरी नव्हती. यवतमाळहून आलेल्या माणसाने फुकटातले, नव्या आवृत्तीचे रनटाइम टाकून दिले. कौसल्याबाईंनी त्याला विचारले, "याच्यात माही जुनी फाइल चालन ना?"

"चालन ना ताई. फक्त चालन. हे रनटाइम हाय. गाडी चालवता येते, बॉनेट उघडता येत नाई."

"अन् मधातच बंद पडली तं?"

"तं बंद पडली," तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

ती पहिल्याच दिवशी बंद पडली. नवी चिठ्ठी चढवायला घेतली की पडद्यावर एक इंग्रजी ओळ यायची आणि सगळेच मिटून जायचे. बाईंनी ते दहा वेळा केले असेल. मी खिडकीतून पाहत होतो. नंतर त्यांनी सांगितले की ज्या कॅलेंडरवर त्यांनी भरवसा ठेवला होता ते नव्या आवृत्तीतून काढूनच टाकलेले होते. तो एक तुकडा सापडला नाही की आज तारीख काय, एवढेसुद्धा त्या फाइलला सांगता येईना. पूर्ण सॉफ्टवेअर असते तर चूक कुठे आहे ते दाखवून थांबले असते. रनटाइम दाखवत नाही. ते दार लावून घेते.

इलाज सोपा होता. जुने मशीन चालू करायचे, त्यात पूर्ण सॉफ्टवेअर होते, फाइल उघडून ते कॅलेंडर काढायचे, साधी चौकट ठेवायची. बाई मॅनेजरकडे गेल्या. मी काट्याचे पुस्तक घेऊन तिथेच उभा होतो.

"साहेब, जुनी मशीन दोन दिवस द्या."

"कौसल्याबाई, ती भंगारात निघालेली वस्तू आहे. तिला हात लावायचा तर मला वर लिहावं लागेल."

"तं लिवा ना साहेब."

"लिहितो."

त्यांनी लिहिले नाही. त्या पुन्हा गेल्या, तेव्हा म्हणाले, लिहिले आहे, उत्तर आलेले नाही. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा म्हणाले, "तुम्ही इतका जीव का टाकता? यादी नसली तर तुमचंच काम कमी." आणि टेबलाच्या खणातून डायरी काढून समोर ठेवली. तीच लाल डायरी, फक्त साल नवे.

मला त्या क्षणी सगळे कळले. बाईंना तर आधीच कळले असणार. मॅनेजरला कॉम्प्युटर बिघडल्याचे दुःख नव्हते. त्याला हवे होते तेच त्या रनटाइमने आपणहून करून दिले होते. नोव्हेंबर आणि डिसेंबर, दोन महिने भिंत कोरी राहिली. फाटकाबाहेर पुन्हा रांग लागली. ट्रक आत जाऊ लागले. मी काट्यावर त्या ट्रकांचे वजन करत होतो आणि मान खाली घालून आकडा लिहीत होतो. माझ्या निवृत्तीला एक वर्ष राहिले होते. हे कारण मी स्वतःला रोज द्यायचो आणि रोज ते पटायचे.

डिसेंबर संपायला दोनच दिवस होते. मॅनेजर दोन दिवस बैठकीला यवतमाळला गेले. दुपारी बाई खिडकीशी आल्या.

"काकाजी, गोदामाची किल्ली द्या."

मी म्हणालो, "साहेबांनी मंजुरी दिली काय?"

"नाई दिली."

मी कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. त्या म्हणाल्या, "तुमी नका येऊ संग. फक्त किल्ली द्या."

मी कमरेची किल्ली काढून खिडकीत ठेवली आणि लगेच काट्याकडे निघून गेलो. माझ्या हातून त्या केंद्रावर झालेले एवढेच एक बरे काम, आणि ते मी पाठ फिरवून केले.

दोन दिवस त्या गोदामात बारदान्याच्या धुळीत बसल्या. आधी दोन महिन्यांच्या अडकलेल्या सगळ्या चिठ्ठ्या जुन्याच मशीनवर जुन्याच पद्धतीने चढवल्या. मग फाइल उघडून कॅलेंडर काढले, तिथे हाताने तारीख टाकायची साधी चौकट ठेवली आणि पेनड्राइव्हमधून फाइल नव्या मशीनवर आणली. ती चालली. एक जानेवारीला सकाळी मॅनेजर यायच्या आत भिंतीवर यादी लागली होती आणि शंभर माणसे ती वाचत होती. साहेबांनी मोटारसायकल लावली, यादी पाहिली, लोक पाहिले आणि हसून म्हणाले, "चांगलं केलं, कौसल्याबाई." इतके हसून ते कधी बोलत नसत.

बारा दिवस सगळे ठीक चालले. रांग विरली. तेराव्या दिवशीही काही कळले नाही. चौदा तारखेला, भोगीच्या दिवशी, सकाळी फाटकावर आवाज चढले.

देवसिंग म्हणून एक शेतकरी होता, दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावरचा. मोठ्या गळ्याचा, पण सरळ माणूस. त्याची चिठ्ठी तीन जानेवारीची, नंबर एक. दोन तारखेपर्यंतच्या सगळ्यांचा कापूस देऊन झाला होता, म्हणजे चौदाच्या यादीत तो सगळ्यांत वर असायला हवा होता. गाडी घेऊन तो पहाटेच आला होता. यादीत त्याचे नाव खाली कुठेतरी होते. वर पहिले नाव उकंडाचे होते, आणि उकंडाची चिठ्ठी आदल्या दिवसाची, तेरा तारखेची.

"रामरावजी," देवसिंग मला म्हणाला, "हे काय होय? मी अकरा दिवसापासून वाट पाहून राह्यलो, अन् हा काल आला तं आज पयला? मशीनले बी पावनेरावने असतात काय?"

लोक हसले. पण ते हसणे चांगले नव्हते.

उकंडा कौसल्याबाईंच्याच गावचा, त्यांच्याच वस्तीतला. तेरा तारखेला त्या गावची आठ माणसे एका ट्रॅक्टरवर बसून सकाळी सकाळीच आली होती, म्हणून त्या दिवसाचे पहिले आठ नंबर त्यांचे. आणि चौदाच्या यादीत तेच आठ जण वर. ओळीने.

मॅनेजर बाहेर आले. त्यांना यायला जराही उशीर झाला नाही. यादीवर बोट ठेवून त्यांनी आठ नावे मोठ्याने वाचली, गावासकट. मग म्हणाले, "मशीन चुकलं असतं तर कोणाचंही नाव वर गेलं असतं. एकाच गावचे आठ कसे गेले? कोणत्या गावचे ते मी सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी गाव म्हटले. त्यांना जात म्हणायची होती, आणि ऐकणाऱ्यांनी जातच ऐकली. मागून एकजण बोललाच, "यायच्या हातात द्या अन् मंग पाहा." तो कोण ते मला माहीत आहे. तो अजून जिवंत आहे, भेटला की मला रामराम करतो, आणि मी उत्तर देतो.

आता मला जे लिहायचे आहे ते हे. मी यादीच्या अगदी जवळ उभा होतो. मी नववे नाव वाचले. नववे नाव दिग्रस रोडच्या एका पाटलाचे होते. दहावे आणखी कोणाचे, अकरावे आणखी कोणाचे. बत्तीस नावे तेरा तारखेची होती, निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या लोकांची, माझ्याच हाताने फाडलेल्या चिठ्ठ्यांच्या क्रमाने. म्हणजे तो अख्खा दिवसच वर सरकला होता. कोणी आठ नावे उचलून वर ठेवली नव्हती. हे सांगायला एक वाक्य पुरले असते. नववे नाव वाचा, एवढेच. मॅनेजरने आठावर बोट थांबवले होते आणि मी त्या बोटाकडे पाहत उभा राहिलो.

बोलला तो उकंडा. तो पुढे आला आणि म्हणाला, "हा नंबर आमचा नोहे. आमाले नाई पायजे. देवसिंगभाऊ, लाव तुही गाडी काट्यावर."

देवसिंग त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "तू कायले मांगं सरतं? तुह्यावर कोण बोललं?"

"सबनच बोलले ना बाप्पा. तू बी बोलला."

देवसिंगने मान खाली घातली. गाडी काट्यावर लावली.

कौसल्याबाई तोपर्यंत दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. यादीपाशी गेल्या, वरून खालपर्यंत वाचली, आणि मला म्हणाल्या, "काकाजी, स्थळप्रती आणा. एक तारखेपासूनच्या सगळ्या."

आत बसून त्यांनी पाच मिनिटांत चूक शोधली. ती मी जशी समजलो तशी सांगतो. नव्या मशीनवर तारीख अमेरिकेच्या पद्धतीची होती, आधी महिना, मग दिवस. कोणी बदलून दिली नव्हती. बाई आपल्या पद्धतीने तीन-एक लिहायच्या, तीन जानेवारी. मशीन समजायचे मार्च महिन्याची एक तारीख. पडद्यावर मात्र तीन-एक असेच दिसायचे, म्हणून संशय येत नव्हता. चार जानेवारी झाली एक एप्रिल, पाच झाली एक मे. क्रम तोच राहिला, त्यामुळे बारा दिवस यादी बरोबरच लागली. तेरा तारखेला मशीनची गाडी अडली, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून त्याने गुपचूप उलटे वाचले आणि तेरा जानेवारी अचूक लिहून घेतली. आणि खरी जानेवारी ही त्या खोट्या मार्च-एप्रिलच्या आधी येते. म्हणून तेराचे सगळे वर गेले. जुने कॅलेंडर असते तर हे झालेच नसते. ज्या चुकीसाठी त्यांनी ते बसवले होते तीच चूक ते काढल्यावर आत शिरली. पूर्ण सॉफ्टवेअर असते तर आत साठलेल्या तारखा उघडून पाहता आल्या असत्या. रनटाइममध्ये ते झाकण उघडतच नाही.

"मले कालच दिसाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. "मी तेरा-एक लिवलं अन् ते पलटून एक-तेरा झालं असन. खिडकीत लोक होते. मी पाह्यलंच नाई."

मशीनची तारीख त्यांनी आपल्या पद्धतीची करून घेतली आणि आम्ही बसलो. काटा त्या दिवशी दुसऱ्याने सांभाळला. मी स्थळप्रत वाचायची, त्यांनी दुरुस्त करायचे. मी म्हणालो, "चार, एक, पंधरा," तर त्या थांबल्या.

"काकाजी, महिना बोलून वाचा. जानेवारी म्हणा. आता आकड्यायवर माहा भरवसा नाई."

तर मी चारशे वेळा जानेवारी म्हणालो. तीन जानेवारी, देवसिंग. तीन जानेवारी, नंबर दोन. मधे त्यांनी डबा उघडला. भोगी म्हणून माझ्या घरून तिळाची भाकरी आणि मिसळीची भाजी आली होती, ती मी पुढे केली. त्यांनी अर्धी भाकरी घेतली. नऊ वर्षांत आम्ही एकत्र जेवलो ते तेवढेच. त्या म्हणाल्या, पायल दहावीला आहे, गणितात चांगली आहे. मी म्हणालो, चांगले आहे. मला त्या वेळी सकाळबद्दल बोलायचे होते, नवव्या नावाबद्दल. मी भाकरी चावत राहिलो.

साडेचारला नवी यादी लागली. बरोबर यादी. तिच्या खाली त्यांनी एका कोऱ्या कागदावर हाताने लिहून चिकटवले: सकाळची यादी चुकली होती. तारीख टाकायची चौकट मी बदलली होती, तिच्यामुळे चुकली. चूक माझी आहे, यादीत नाव असलेल्या कोणाची नाही. कौसल्या मनवर, ऑपरेटर.

मी म्हणालो, "हे कायले लावता? यादी सुधरली ना."

त्या म्हणाल्या, "सकाळी ज्यायनं वाचलं ते उकंडादादाले चोर समजून घरी गेले. त्यायले कोण सांगन?"

मॅनेजरने त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. काढताना कागद सरळही केला, नीट यावा म्हणून. दोन दिवसांनी तो फोटो जोडून वर पत्र गेले. विनापरवानगी भंगारातील मशीन वापरले, नोंदी बदलल्या, चूक लेखी कबूल केली. नोंदी बदलल्या, हे त्याने लिहिले. ज्याने आयुष्यभर डायरीत दुसरे काही केले नाही त्याने.

चौकशीला एक अधिकारी आला. अर्धा तास. त्याने बाईंना विचारले, "गोदामाची किल्ली कोणी दिली?"

मी दारातच होतो. मॅनेजरने माझ्याकडे पाहिले. बाईंनी नाही पाहिले.

त्या म्हणाल्या, "किल्ली खिळ्याले लटकलेली असते साहेब. मी घेतली."

खिळा नव्हताच. किल्ली नेहमी माझ्या कमरेला. हे मॅनेजरला माहीत होते, मला माहीत होते. अधिकाऱ्याने लिहून घेतले आणि चहा मागवला. मी तो चहा आणून दिला. हो, मीच आणून दिला.

एक फेब्रुवारीपासून कौसल्याबाईंना कमी केले. रोजंदारी होती, त्यामुळे कागदही लागला नाही, फक्त उद्यापासून येऊ नका. दुसरा ऑपरेटर आला. आणि यादी बंद झाली नाही. मॅनेजरला ती बंद करायचीच होती, पण देवसिंग आणि उकंडा, दोघे मिळून, रोज सकाळी फाटकावर येऊन उभे राहायचे. स्वतःचा कापूस कधीच देऊन झाला होता, तरी यायचे. देवसिंग मोठ्याने विचारायचा, "यादी कुठं हाय?" आणि यादी यायची. पूर्ण हंगाम ती त्याच फाइलवर निघाली. फाइल उघडली की पहिल्या पडद्यावर खाली बारीक अक्षरात त्यांचे नाव यायचे, तयार करणार म्हणून. मॅनेजरने ते पुसायला सांगितले. नव्या ऑपरेटरने सांगितले, पुसता येत नाही साहेब, रनटाइम आहे. त्या दिवशी मी एकटाच काट्यामागे जाऊन हसलो. बाकी त्या वर्षात हसण्यासारखे काही नव्हते.

मार्चमध्ये केंद्राला तालुक्यातले सर्वांत पारदर्शक केंद्र म्हणून शाल आणि नारळ मिळाला. मॅनेजरने भाषणात संगणकीकरण हा शब्द सहा वेळा वापरला. मी मोजले. टाळ्या मीही वाजवल्या.

म्हणून मला हसतमुख हा शब्द वाचून राग आला. मॅनेजरवर राग आहेच. तो राग मला अजून पुरतो. पण तो एकटा काय करणार होता, जर भोवती आम्ही एवढे मान खाली घालणारे नसतो तर? एका बाईने यंत्राची चूक स्वतःच्या नावावर घेतली, माझी किल्लीही स्वतःच्या नावावर घेतली, आणि आम्ही तिला मनमिळाऊ म्हणतो. पायल, तुझी आई मनमिळाऊ नव्हती. ती खरी होती. त्याचे मोल तिने एकटीने दिले आणि मी ते पाहत होतो. हे तुला कोणीतरी लिहून द्यायला हवे होते. मला जमले तसे दिले.

त्यांना मी त्यानंतर एकदाच भेटलो. मे महिना होता, दारव्ह्याचा बाजार. त्या जीपच्या अड्ड्यावर उभ्या होत्या, हातात पिशवी. वणीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम मिळाल्याचे म्हणाल्या, कोळशाच्या ट्रकांच्या नोंदी. घर आवरायला गावाकडे आल्या होत्या. मला किल्लीचे बोलायचे होते. घरून निघाल्यापासून बोलायचे होते असे नाही, पण त्यांना पाहिल्याबरोबर तेच तोंडाशी आले.

त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिले. "वांगे कसे देऊन राह्यले, काकाजी?"

"महाग हायेत," मी म्हणालो. "बाजाराच्या आखरीले गेलं की सस्ते भेटतात."

"मले तं उशीर होईन."

जीपवाल्याने हाका मारायला सुरुवात केली. त्या मागच्या बाकावर चढल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि थोड्या सरकल्या.

"या ना काकाजी, जागा हाय. तुमच्या फाट्यावरूनच जाते."

"नाई बाई, तुमी जा," मी म्हणालो. "मले अजून मिरच्या घ्याच्या हायेत."